न उगवलेल्या दाताभोवतीचे पाणी

माझी मुलगी पाचवीत असताना तिच्या खालच्या जबड्यात, उजव्या बाजूला, अजून न उगवलेल्या दुसऱ्या उपदाढेभोवती (सुळा आणि दाढा यांच्यामधला दुसरा दात) सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, तयार झाल्याचे निदान झाले. दंतवैद्यक तिला डेंटिजरस सिस्ट म्हणते. मी कनिष्ठ महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवते आणि जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर संपलेला आहे. तरीही ही सिस्ट नेमकी होते कशी, हे मला बऱ्याच तपशिलात समजून घ्यावे लागले, कारण आमच्यापुढे उपचाराचे दोन मार्ग ठेवण्यात आले होते आणि त्यांतला कोणता धरायचा हे सर्वस्वी तिच्या घडणीवर अवलंबून होते.

सूज प्रथम लक्षात आली ती माझ्या सासूबाईंच्या. नातीची वेणी घालताना त्यांच्या बोटांना उजवीकडची जबड्याची कड डावीकडच्यापेक्षा जाड लागली. दुखत नव्हते, ताप नव्हता, तोंड व्यवस्थित उघडत होते आणि जेवण नेहमीप्रमाणे चालू होते. त्यांनी आंबेहळदीचा लेप लावून पाहिला, आणि त्याने काडीचाही फरक पडला नाही तेव्हा त्याच म्हणाल्या, "अगं, ही सूज नाही, हाडच वाढलंय. दाताच्या डॉक्टरांना दाखव." पुढे कळले की न दुखणे हाच या सिस्टचा स्वभाव आहे. संसर्ग होऊन पू झाला तरच ती ठणकते. एरवी ती हाडाच्या आत महिनोन्महिने गुपचूप वाढत राहते आणि पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये, किंवा एखादा दात वेळेवर का आला नाही याचा शोध घेताना, अचानक सापडते.

आमच्या नेहमीच्या दंतवैद्यांनी खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत बोट घालून हाड चाचपले. फुगलेल्या जागी हाड इतके पातळ झाले होते की दाबल्यावर ते किंचित आत जाऊन पुन्हा वर येत होते, आणि हा अनुभव त्यांनी मलाही हातमोजा घालून घ्यायला लावला. त्या जागेच्या बरोबर वर मुलीची दुधाची दुसरी दाढ होती. ती काही वर्षांपूर्वी किडली होती, तिच्या नसेवर उपचार करून वर स्टीलची टोपी बसवलेली होती. डॉक्टरांनी टोपीवर हलकेच टकटक केली, शेजारचे दात तपासले आणि ओपीजी काढून आणायला सांगितले.

ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे एका पट्टीत दाखवणारा एक्स-रे. तो वाचायला मला दोन मिनिटांत शिकवण्यात आले, कारण तुलनेसाठी डावी बाजू हाताशीच होती. डावीकडे दुधाच्या दुसऱ्या दाढेच्या फाकलेल्या दोन मुळांच्या मध्ये कायमच्या उपदाढेचा मुकुट नीट बसलेला होता आणि त्याच्याभोवती केसासारखी बारीक काळी रेघ होती. उजवीकडे तीच रेघ सुमारे अडीच सेंटिमीटरचे एक गोल काळे वर्तुळ झाली होती, त्याला पांढरी ठसठशीत किनार होती, आणि उपदाढ त्या वर्तुळाच्या तळाशी, जबड्याच्या खालच्या कडेजवळ, थोडी कलून पडली होती. काळे वर्तुळ दाताच्या बरोबर मानेशी, म्हणजे मुकुट संपून मूळ सुरू होते त्या ठिकाणी, दोन्ही बाजूंनी चिकटलेले होते. मुकुट वर्तुळाच्या आत होता आणि अर्धवट तयार झालेले मूळ बाहेर. या एका खुणेवरून, डॉक्टर म्हणाले, निदान जवळजवळ पक्के होते. दाताच्या टोकाशी होणाऱ्या नेहमीच्या सिस्ट मुळाच्या तळाला लोंबतात, ही मात्र मुकुटाला कवेत घेते. केसपेपरवर त्यांनी 85 आणि 45 असे दोन आकडे लिहिले. पहिला दुधाच्या दाढेचा, दुसरा तिच्याखाली अडकलेल्या कायमच्या दाताचा.

त्यांनी आम्हांला दंत महाविद्यालयाच्या मुखशल्यचिकित्सा विभागात पाठवले. तिथे पहिल्याच दिवशी दोन मते पडली. एका सरांचे म्हणणे असे होते की पूर्ण भूल देऊन सिस्टची पिशवी दातासकट समूळ काढून टाकावी. एकाच वेळी प्रश्न मिटेल, सगळी पिशवी तपासणीसाठी हाती येईल, आणि दाताची जागा पुढे ब्रेसेसने किंवा इम्प्लांटने भरून काढता येईल. बालदंत विभागातल्या मॅडमना ते पटत नव्हते. त्यांच्या मते वरची दुधाची दाढ काढून तिच्या खड्ड्यातून पिशवीला खिडकी पाडावी, आतले पाणी वाहू द्यावे आणि दाताला स्वतःहून वर येण्याची संधी द्यावी. दोघेही माझ्यासमोर, एकमेकांचा मान राखून, पण ठामपणे बोलत होते. मला विचार करायला वेळ देण्यात आला. सिस्ट तासांत किंवा दिवसांत धोका करत नाही, त्यामुळे तशी सवड होती.

त्या सवडीत विभागातल्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने मला कागदावर चित्रे काढून जे समजावले, आणि घरी येऊन जे मी वाचले, ते असे.

दाताची सुरुवात गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना होते. भावी हिरडीच्या अस्तराची एक पट्टी आत बुडते आणि तिच्यावर ठरावीक जागी कळ्या फुटतात. कळी वाढत जाऊन घंटेसारखा आकार घेते, आणि त्या घंटेच्या आतल्या थरातल्या पेशी दाताचे एनॅमल तयार करतात. या सगळ्या घडणीभोवती जोडऊतींचे एक वेष्टण असते, त्याला फॉलिकल म्हणतात. एनॅमल पूर्ण झाले की ते घडवणाऱ्या पेशी आणि त्यांचे सोबती थर चपटे होऊन मुकुटावर पातळ अस्तरासारखे पसरून राहतात. दुसऱ्या उपदाढेचा मुकुट सहा-सात वर्षांच्या वयात पुरा होतो आणि दात तोंडात येतो तो अकरा-बारा वर्षांच्या वयात. म्हणजे मधली चार-पाच वर्षे तो मुकुट या अस्तराने गुंडाळलेला, हाडात बंद असतो. दात उगवताना हे अस्तर हिरडीच्या अस्तराशी जुळते, मधून वाट मोकळी होते आणि हिरडी दाताला पहिल्यांदा जिथे चिकटते ती जागा त्यातूनच बनते. न उगवलेल्या दाताभोवती एक्स-रेत जी बारीक काळी रेघ दिसते ती याच वेष्टणाची. ती 2 ते 3 मिलिमीटर असेल तर कोणी दखल घेत नाही, 5 मिलिमीटरच्या पुढे गेली तर सिस्टचा संशय घेतात.

या वेष्टणाचे काम केवळ झाकण्याचे नाही, हे मला सर्वांत विशेष वाटले. काहिल आणि मार्क्स या दोन शास्त्रज्ञांनी 1980च्या सुमारास कुत्र्यांच्या उपदाढांवर प्रयोग केले. फॉलिकल काढून टाकले तेव्हा दात धडधाकट असूनही उगवला नाही. नंतरच्या प्रयोगात त्यांनी फॉलिकल जागच्या जागी ठेवून त्यातला दातच काढून घेतला आणि त्याच्या जागी धातूची हुबेहूब प्रतिकृती बसवली, तर ती निर्जीव प्रतिकृती हाडातून वर सरकून आली. वरचे हाड विरघळवणे आणि खालचे हाड नव्याने घालणे ही दोन्ही कामे दाताभोवतीचे वेष्टण करवून घेते. दात बराचसा प्रवासीच असतो. दाताला आपण ढकलणारा समजतो, आणि माझाही समज तसाच होता. या प्रयोगानंतर मॅडमच्या सल्ल्याकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले, कारण सरांच्या मार्गात पिशवी काढताना उगवण्याची यंत्रणाही तिच्यासोबत जाणार होती.

सिस्ट होते ती याच वेष्टणाच्या आत, एनॅमल आणि त्यावरचे चपटे अस्तर यांच्यामध्ये, किंवा अस्तराच्याच दोन थरांमध्ये, पाणी साचून. ते पाणी येते कुठून, याबद्दल एकच उत्तर नाही. एक स्पष्टीकरण असे की उगवू पाहणारा पण अडलेला दात फॉलिकलमधल्या नीलांवर दाब देतो, रक्त परत जाण्याची वाट अरुंद होते आणि केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपून मुकुटाभोवती गोळा होतो. अक्कलदाढ आणि वरचा सुळा हे दोन दात वारंवार अडकतात, आणि डेंटिजरस सिस्टही खालच्या अक्कलदाढेभोवती सर्वांत जास्त व त्याखालोखाल वरच्या सुळ्याभोवती आढळते, हे या स्पष्टीकरणाला धरूनच आहे. एकदा पोकळी तयार झाली की तिच्या वाढीला आणखी एक कारण मिळते. अस्तरातल्या पेशी मरून आत पडत राहतात, त्यांचे प्रथिनयुक्त घटक द्रवात मिसळतात आणि तो द्रव बाहेरच्या रक्तद्रवापेक्षा दाट होतो. इंग्लंडमधल्या टोलर यांनी सिस्टमधील द्रवाची मोजमापे घेऊन हे दाखवून दिले होते. दाट द्रव पातळ द्रवातले पाणी आपल्याकडे ओढतो. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटते त्यामागचे तत्त्व हेच, असे त्या विद्यार्थिनीने सांगितल्यावर माझी मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे माझ्या दाताची कोशिंबीर झालीय." तिचे हे वाक्य पुढे विभागात बराच काळ फिरत होते.

लहान मुलांत, विशेषतः खालच्या उपदाढांभोवती, आणखी एक वाट असते आणि आमच्या बाबतीत तीच असण्याची शक्यता सर्वांनी वर्तवली. दुधाच्या दाढेची मुळे फाकलेली असतात आणि त्यांच्या बेचक्यातच कायमच्या उपदाढेचा मुकुट वाढत असतो. दुधाच्या दाढेत नसेच्या पोकळीतून या बेचक्यापर्यंत जाणाऱ्या सूक्ष्म वाटा असतात, त्यामुळे तिची नस किडीने किंवा अन्य कारणाने मेली तर सूज मुळांच्या टोकापेक्षा बेचक्यात आधी पोचते. तिथे दाह करणारा द्रव थेट खालच्या दाताच्या फॉलिकलवर पाझरतो, फॉलिकल मुकुटापासून सुटते आणि मधल्या फटीत पाणी भरते. नसेवर उपचार झालेल्या दाढेखालीही हे घडू शकते. असे उपचार बहुसंख्य मुलांत काहीही त्रास न होता टिकतात, आणि टोपी घातलेल्या प्रत्येक दाढेकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही, हे मॅडमनी मला दोनदा बजावले. त्यांनी एवढेच सांगितले की अशा दाढेखालचा दात उगवेपर्यंत अधूनमधून छोटा एक्स-रे काढत राहावे.

हाड कसे नाहीसे होते, हा प्रश्न माझ्या नवऱ्याने विचारला. त्याच्या मनात पाण्याच्या दाबाने हाड फुटते असे चित्र होते. प्रत्यक्षात दाब आणि दाह यांमुळे सिस्टच्या भिंतीतून प्रोस्टाग्लँडिन आणि इंटरल्युकिन यांसारखी रसायने सुटतात आणि ती हाड विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावतात. हाडाच्या बाहेरच्या बाजूला शरीर नवे थर घालत राहते, म्हणून जबडा फुगतो. विरघळण्याचा वेग घालण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की कवच पातळ होत जाते. आमच्या बोटांखाली दबत होते ते हेच कवच. याचा व्यावहारिक अर्थ असा की पोकळी बंद न राहता तोंडाशी जोडली गेली, तर आतला दाब संपतो, रसायनांचा मारा कमी होतो आणि हाड पुन्हा भरू लागते. हा विचार नवा नाही. तेव्हाच्या जर्मनीतील आणि आजच्या पोलंडमधील ब्रेस्लाउ शहरात कार्ल पार्ट्श यांनी 1892 मध्ये जबड्याच्या सिस्टला खिडकी पाडून तिचे अस्तर तोंडाच्या अस्तराशी जोडून घेण्याची पद्धत मांडली, आणि मार्सुपियलायझेशन या नावाने आजही जे केले जाते ते मुळात तेच आहे.

नातेवाइकांना हे सगळे सांगणे कठीण होते. गाठ म्हटले की फोनच्या पलीकडे काही क्षण शांतता पसरत असे, आणि मग मुंबईला टाटाला दाखवलेत का, हा प्रश्न येई. कोणी तरी 2014 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एका मुलाच्या जबड्यातून 232 दात काढल्याची जुनी बातमी पाठवली. ती खरी आहे, पण तो ओडोंटोमा नावाचा वेगळाच प्रकार होता. त्यात दातांच्या ऊती मोठ्या संख्येने छोटे छोटे दात घडवत बसतात. आमच्याकडे दात एकच होता आणि तो अगदी नीट घडलेला होता.

खिडकीच्या मार्गाला एक खरा आक्षेप मात्र होता आणि तो सरांनी मोकळेपणाने मांडला. एक्स-रेत असेच दिसणारे आणखी दोन आजार आहेत. एक केराटोसिस्ट, जी काढल्यानंतर पुन्हा होण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये तिला अर्बुदांच्या यादीत टाकले होते आणि 2017 मध्ये पुन्हा सिस्टमध्ये आणले, यावरूनच तिचे वागणे किती संभ्रमात टाकणारे आहे हे दिसते. दुसरा अमेलोब्लास्टोमाचा एक पोकळ प्रकार, जो खरोखरच अर्बुद आहे. खिडकी पाडली की पिशवीचा फक्त एक तुकडा तपासायला मिळतो, बाकीची आतच राहते. म्हणून आम्ही असे ठरवले की आधी सुईने पाणी काढून पाहायचे, मग खिडकीचा तुकडा बायोप्सीला द्यायचा, आणि अहवालात केराटोसिस्ट किंवा अमेलोब्लास्टोमा निघाला तर दाताचा मोह सोडून सरांच्या मार्गाने जायचे. दोन्ही डॉक्टरांना हे मान्य झाले. शस्त्रक्रियेआधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन झाला, त्यात जबड्यातून ओठाकडे जाणारी नस सिस्टने खाली सारलेली दिसली, पण तिच्याभोवतीचे हाड शाबूत होते. दाताचे मूळ निम्मे झाले होते आणि टोक उघडे होते. मॅडमना याचा आनंद झाला, कारण मूळ अपुरे असताना दाताच्या वर येण्याची शक्यता जास्त असते.

शस्त्रक्रियेचे सांगण्यासारखे फार नाही. मुलगी सहकार्य करणारी होती म्हणून जागेपुरतीच भूल दिली. सुईतून आलेले पाणी गवताच्या काडीसारखे पिवळसर, स्वच्छ होते आणि उजेडात धरल्यावर त्यात चकचकीत कण तरंगताना दिसत होते. ते कोलेस्टेरॉलचे स्फटिक. घट्ट, पनीरच्या चुऱ्यासारखा पांढरा पदार्थ आला असता तर केराटोसिस्टची भीती वाढली असती, आणि नुसते रक्त आले असते तर काम तिथेच थांबवले असते. दुधाची दाढ काढली, तिच्या खड्ड्याच्या तळातून पिशवीचा तुकडा कापला, आतली पोकळी सलाईनने धुतली आणि आयडोफॉर्म हे जंतुनाशक लावलेली लांब पिवळी पट्टी आत भरून दोन टाके घातले. त्या पट्टीचा वास उग्र असतो आणि चव त्याहून वाईट. मुलीची खरी तक्रार होती ती याच चवीची, दुखण्याची नव्हे. भूल उतरेपर्यंत सुन्न ओठ चावला जाऊ नये म्हणून तिच्याकडे लक्ष ठेवावे लागले.

बायोप्सीच्या अहवालाची वाट पाहण्याचा काळ मला शस्त्रक्रियेपेक्षा अवघड गेला. अहवालात लिहिले होते की अस्तर केराटीन नसलेले आहे, बऱ्याच ठिकाणी दोन ते चार पेशींच्या जाडीचे आहे, काही ठिकाणी दाहामुळे जाड झाले आहे, आणि खालच्या जोडऊतींत दाहाच्या पेशी आहेत. एकूण चित्र दाहयुक्त डेंटिजरस सिस्टशी जुळणारे. दाहाचा उल्लेख वाचून मॅडमनी दुधाच्या दाढेविषयीच्या आपल्या अंदाजाखाली जणू रेघ ओढली.

यानंतर सुरू झाला तो या उपचाराचा लांब आणि कंटाळवाणा भाग, आणि खिडकीचा मार्ग निवडणाऱ्या पालकांनी आधी विचार करायचा तो याचाच, असे माझे मत आहे. पट्टी काढल्यावर जबड्याचे माप घेऊन अॅक्रिलिकची एक छोटी प्लेट बनवण्यात आली. तारेच्या आकड्यांनी ती शेजारच्या दातांना धरून राहत होती आणि तिच्यातून एक बुच खिडकीत उतरत होता. बुच नसेल तर हिरडी झपाट्याने वाढून खिडकी बंद करते आणि पाणी पुन्हा साचते. त्याच प्लेटचे दुसरे काम म्हणजे काढलेल्या दाढेची जागा राखणे, नाही तर मागची कायमची दाढ पुढे सरकून येते आणि खालून येणाऱ्या दाताला दरवाजाच उरत नाही. प्रत्येक जेवणानंतर प्लेट काढायची, बोथट टोकाच्या सिरिंजने पोकळीत सलाईन मारायचे, अडकलेले कण बाहेर येईपर्यंत धूत राहायचे, प्लेट घासायची आणि पुन्हा बसवायची. पोहे आणि शेंगदाण्याचे कूट यांचे कण आत सर्वांत खोल जात, हे आम्हांला लवकरच कळले. सुरुवातीला सिरिंज मी मारत होते, पुढे मुलगी आरशासमोर उभी राहून स्वतःच मारू लागली, आणि शाळेत डबा खाल्ल्यानंतर हातधुणीच्या नळाशी तिच्या मैत्रिणी तिच्याभोवती गोळा होऊन हा कार्यक्रम पाहत असत, असे तिच्या वर्गशिक्षिकांनी मला सांगितले.

तपासणीसाठी थांबलेलो असताना आमच्या शेजारी एकदा विशीतला एक तरुण बसला होता. त्याच्या खालच्या अक्कलदाढेभोवती तशीच सिस्ट झाली होती आणि ती जबड्याच्या कोपऱ्यातून वर कानाच्या दिशेने पसरली होती. त्याला डॉक्टरांनी पिशवी आणि अक्कलदाढ दोन्ही काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. त्याच्या वडिलांनी मला विचारले की तुमच्या मुलीचा दात वाचवतात मग आमच्या मुलाचा का नाही. घडण एकच असूनही उत्तर वेगळे होते: त्याच्या दाढेची मुळे पूर्ण झालेली, दाढ आडवी, वर यायला जागा नाही आणि आली तरी तिचा उपयोग नाही. उलट त्या पातळ झालेल्या कोपऱ्यावर आघात झाला असता तर जबडा मोडण्याचा धोका होता. ज्या दाताला भविष्य आहे त्याच्याचसाठी इतके दिवस सिरिंज मारण्यात अर्थ आहे. मी त्यांना डॉक्टर नसल्यामुळे एवढे स्पष्ट सांगितले नाही, सरांनाच विचारा म्हटले, आणि सरांनी त्यांना जवळपास हेच सांगितल्याचे नंतर कळले.

पहिल्या नियंत्रण एक्स-रेमध्ये मला काहीच बदल दिसला नाही. मॅडमना दिसला. वर्तुळाची पांढरी किनार पुसट झाली होती आणि तळाकडे धुक्यासारखी पांढुरकी छटा आली होती. तीच नव्या हाडाची सुरुवात. त्यानंतरच्या प्रत्येक एक्स-रेमध्ये वर्तुळ लहान होत गेले. ते खालून वर भरत होते, आणि दात त्या भरावाच्या पुढे पुढे, कललेला सरळ होत, वर सरकत होता. पोकळी उथळ होत चालली तसतसा बुच तळाशी टेकू लागे आणि मुलीला टोचे. मग दर भेटीला तो थोडा घासून आखूड केला जाई. खाली सारलेली नस आपल्या पूर्वीच्या जागेकडे परतताना दिसली. गालाची सूज बाहेरून ओसरायला मात्र सर्वांत जास्त वेळ लागला. फुगलेले हाड पुन्हा मूळ आकारात घडायला तितका वेळ लागतोच, असे सांगण्यात आले.

या काळात एकदा पेच उभा राहिला. दात अर्ध्या वाटेवर थांबल्यासारखा वाटला आणि दोन सलग एक्स-रे जवळजवळ सारखे आले. दाताला ब्रॅकेट चिकटवून तो ब्रेसेसने ओढून घ्यावा का, अशी चर्चा झाली. मॅडमनी थांबण्याचा सल्ला दिला, कारण मूळ वाढत होते आणि जागा पुरेशी होती. थांबायचे ठरले. दात पुन्हा हलला, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीत प्लेट धुताना मुलीला खिडकीच्या तळाशी काही तरी कडक लागले. तो उपदाढेचा शेंडा होता. त्यानंतर बुच पूर्ण कापून टाकला, प्लेट फक्त जागा राखण्यापुरती उरली आणि दात पूर्ण वर आल्यावर तीही गेली. डावीकडची उपदाढ तोवर नेहमीच्या वेळी, कोणाच्याही मदतीशिवाय येऊन बसली होती.

उजवीकडची उपदाढ आज रांगेत आहे, पण थोडी गोल फिरलेली आहे. ती ब्रेसेसने सरळ करता येईल, आणि करायची की नाही हे मुलीने मोठेपणी ठरवावे असे आम्ही ठरवले आहे. तिची नस जिवंत आहे, मुळाचे टोक बंद होत आले आहे. डेंटिजरस सिस्ट पुरी बरी झाल्यावर पुन्हा होणे क्वचितच घडते; तरी काही काळ वर्षातून एकदा ओपीजी काढायचा आहे.

सर्वांत अलीकडच्या ओपीजीमध्ये खालच्या जबड्याच्या दोन्ही टोकांना, दुसऱ्या दाढांच्या मागे, मला दोन नवी काळी वर्तुळे दिसली आणि माझा हात तिथेच थबकला. मॅडमनी फिल्म उजेडावर धरून त्यांच्या आतले पांढरे ठिपके दाखवले. त्या तिच्या अक्कलदाढांच्या कळ्या होत्या आणि ते ठिपके म्हणजे मुकुटाचे नुकते धरू लागलेले शेंडे. दात घडत असताना त्याची जागा अशीच गोल आणि काळी दिसते, दोन्ही बाजू सारख्या आहेत, कडा नेहमीसारख्या आहेत, असे म्हणून त्यांनी केसपेपरवर त्यांची नोंद केली आणि मुलगी सतरा-अठरा वर्षांची झाली की या दोघींकडे नीट पाहू, एवढे लिहून ठेवले.